वजनकाट्याची डिस्क

चार होत्या. आज पाचवी आणली.
पहिली म्हापशातल्या बंद पडलेल्या सायबर कॅफेची,
दोन रुझारच्या फोटो स्टुडिओतल्या.
स्टुडिओ विकून विलायतेला जाताना म्हणाला,
लग्नं आहेत यांत, फेकू नकोस. पूस हवं तर.
चौथी माझीच.
आणि ही, साखळीच्या रस्त्यावर तुकूच्या भंगारात,
किलोवर.
त्याने पाऊण किलो धरली.
तेवढी नव्हती. मी बोललो नाही.
वजनाबद्दल बोलायची सवय गेली आहे.

जिन्याखाली, सिलिंडरच्या शेजारी, आमचा सर्व्हर.
झाकण नसलेला कॅबिनेट, कुलरचा पंखा,
जुलैतल्या ओलीसाठी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या
‘खाऊ नये’ लिहिलेल्या पुड्या.
बायको म्हणते, आनीक कितलें पोरनें हाडटलो तूं?
पण तिच्या भजनी मंडळाची सात वर्षं तिथेच आहेत
हे तिला माहीत आहे.
दोन-दोन डिस्क जोडीने चालतात:
एक लिहिते तेच दुसरीही लिहिते,
एक गेली तर दुसरी सांगेल.
ऑफिसात आमच्याही दोन वह्या होत्या.
त्या मात्र सारख्या नव्हत्या.

खोडरबराने पिनांवरचा हिरवा थर काढला.
स्क्रूच्या खाचांत तांबडी धूळ.
ही धूळ मी ओळखतो. शर्ट वाळत घातला की
कॉलरला बसायची, धुऊन जायची नाही.
वायर लावली. जरा कुरकुरली, मग फिरू लागली.
डिस्क वय वर्षांत सांगत नाही,
जागेपणाचे तास सांगते:
एकतीस हजार दोनशे सहा.
त्यातल्या बऱ्याच तासांना मी समोर बसलेलो असणार.

फोल्डरचं नाव काटा-दोन.
ट्रक, वेळ, भरलेला, रिकामा, निव्वळ.
शेवटच्या रकान्यात यू. गावस, यू. गावस, यू. गावस.
निव्वळ दहा टन. दहा पूर्णांक एक. दहा.
काट्यावर चौदा दिसायचं आणि बोटं दहा लिहायची,
बोटांना वेगळा पगार नव्हता.
स्प्रिंगा वाकून सपाट झालेले ट्रक
कागदावर हलके होऊन फाटकाबाहेर जात.

सोमा वेळगेकर, संध्याकाळी सहा बेचाळीस.
निव्वळ दहा.
उतारावर ब्रेक लागले नाहीत
तेव्हा चौकशीवाल्यांनी ही ओळ पाहिली,
म्हणाले, भार तर बरोबर होता,
चालवणाऱ्याचीच चूक.

रात्री साडेदहाला पुसायला लावली.
शून्यावर शून्य, पहिल्या काठापासून आतपर्यंत.
नवीन काही ठेवायचं तर पुसावीच लागते,
असं मी मोठ्याने म्हणालो. जिन्याखाली कोण ऐकणार.
दोनदा लाइट गेली, इन्व्हर्टर कण्हला.
पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा संपलं होतं.

चौऱ्याऐंशी सेक्टर सोडून.
त्या जागा डिस्कने स्वतःच कधी तरी
खराब म्हणून बाजूला ठेवल्या आहेत.
तिथलं वाचता येत नाही.
पुसताही येत नाही.
त्यांत कोणती ओळ आहे, विचारायची सोय नाही.

फेकून देणार होतो.
चहा प्यालो, एक पाव खाल्ला, फेकली नाही.
रुझारच्या डिस्कमध्ये एक लग्न मी कधीच पुसलं नव्हतं:
पाळीच्या देवळासमोर मुंडावळ्या सावरत
कॅमेऱ्याकडे न बघणारा सोमा,
मागे पंगतीत वाढणारा, ढेकर दाबणारा मी.
त्या लग्नाला जोड नव्हती, एकाच जागी होतं इतकी वर्षं.
नक्कल व्हायला चाळीस मिनिटं लागली.

आता चालते? बायकोने विचारलं.
चालते.

डिस्कवर कागद चिकटवला, पेन्सिलने लिहिलं:
तारीख, तास, चौऱ्याऐंशी.
आणि कोणी विचारत नसताना, वजन:
सहाशे वीस ग्रॅम.
ते वायर लावण्याआधीच घेतलं होतं,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर, दोनदा.